बस्ता बांधण्याआधी : लग्नाची साडी पारखायची कशी?



तुळशीचं लग्न झालं की आपल्या गटांच्या बैठकांचा विषय बदलतो. कर्ज मागणीच्या अर्जात बियाणं, शेळी, शिलाई मशीन यांच्या जोडीला 'मुलीचं लग्न' हे कारण यायला लागतं. त्यात मंडप, जेवण, भांडी हे सगळं असतंच, पण ज्या खर्चावर सगळ्यात कमी चौकशी होते तो म्हणजे बस्ता. वीस माणसं जीप करून तालुक्याला जातात, दोन तासांत पन्नास साड्या बघतात, आणि नवरीच्या शालूवर किंवा पैठणीवर पाच मिनिटांत शिक्कामोर्तब होतं.

यंदा तीन गावांच्या बैठकीत मला एकच प्रश्न विचारला गेला. "मॅडम, पैठणी प्युअर आहे हे ओळखायचं कसं?" समाजकार्याच्या अभ्यासक्रमात हे कुणी शिकवलं नव्हतं. मी ते आमच्या घरात शिकले, आणि ते शिक्षण स्वस्तात पडलं नाही. म्हणून आधी तेच सांगते.

आमच्या घरची गोष्ट

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न वैशाखात झालं. आई तिच्या गावच्या बचत गटात आहे. ताईला पैठणी घ्यायची असं आईने फार आधीपासून मनात धरलं होतं, कारण तिच्या स्वतःच्या लग्नात साधी साडी होती. तिने गटातून १०,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने, दहा हप्त्यांत. वर घरातले २,००० घातले. दुकानदार म्हणाला, "प्युअर सिल्क आहे मावशी, डोळे झाकून न्या." आईने खरंच डोळे झाकून घेतली.

पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताई माहेरी आली तेव्हा तीच पैठणी नेसली. देवाला कुंकू लावायला वाकली आणि पदराचं टोक उदबत्तीला लागलं. बोटाच्या पेराएवढं भोक पडलं. साडीला भोक पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पण त्या भोकाची कडा वितळून टणक झाली होती. नखाने खरवडली तर प्लास्टिकच्या पिशवीसारखी लागली. वासही तसाच आला. रेशीम वितळत नाही, हे आईला माहीत होतं. ती काही बोलली नाही. पदर आत दुमडून तिने पिन लावली आणि वाण वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. उत्तर मिळालं, "मावशी, सिल्कच सांगितलं होतं, आर्ट सिल्क पण सिल्कच असतं." आईने जपून ठेवलेलं बिल काढलं. त्यावर एवढंच होतं : 'साडी, १ नग, १२,०००.'

तेव्हा कर्जाचे दोन हप्ते अजून भरायचे होते. आईने ते भरले. म्हणजे १०,००० मुद्दल आणि १,१०० व्याज. साडी खोटी निघाली म्हणून हप्ता काही थांबत नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. पॉलिस्टरची साडी घेणं यात काहीच कमीपणा नाही. स्वस्त साडी स्वस्तात घेतली तर तो व्यवहार आहे. फसवणूक तिथे होते जिथे पॉलिस्टर घेऊन आपण रेशमाचे पैसे देतो. या लेखाचा उद्देश सगळ्यांनी महाग साडी घ्यावी असा नाही. जे घेतोय ते काय आहे हे कळून घ्यावं, एवढाच आहे.

तीन प्रश्न : धागा कोणता, जर कोणती, माग कोणता?

दुकानात नावं भरपूर ऐकू येतात. प्युअर, सेमी, आर्ट, टिश्यू, ब्रोकेड, बनारसी, महाराणी, अजून काय काय. नावांच्या नादी लागलं की गोंधळ होतो. कुठलीही लग्नाची साडी तीन गोष्टींनी बनते, आणि किंमत याच तीन गोष्टींवर ठरते. म्हणून तीनच प्रश्न विचारा.

पहिला, *धागा कोणता?* रेशीम, पॉलिस्टर, रेयॉन की मिश्र? 'आर्ट सिल्क' म्हणजे कलाकुसरीचं रेशीम नव्हे. ते आर्टिफिशियल, म्हणजे कृत्रिम रेशीम. पॉलिस्टर किंवा रेयॉनचा चमकदार धागा. त्यात किड्याचं रेशीम नसतं. 'सेमी सिल्क' या शब्दाला तर काही ठरलेला अर्थच नाही. प्रत्येक दुकान आपापल्या सोयीने वापरतं.

दुसरा, *जर कोणती?* अस्सल जरीत चांदीची अगदी बारीक चपटी तार धाग्यावर गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. त्याखालची म्हणजे तांब्याच्या तारेची, जिला व्यापारी 'टेस्टेड' जर म्हणतात. आणि सगळ्यात स्वस्त ती प्लास्टिकची जर. चमकी चढवलेल्या पॉलिस्टरच्या पातळ पट्टीची.

तिसरा, *माग कोणता?* हातमाग की यंत्रमाग? हातमागाच्या पैठणीला, साधी असेल तर काही आठवडे आणि पदर भरलेला असेल तर काही महिने लागतात. यंत्रावर तशीच दिसणारी साडी फार लवकर निघते. किमतीतला मोठा फरक या मजुरीचा असतो.

आता एकेक पारखू.

धागा पारखताना

हाताला विचारा, पण फक्त हातावर विसंबू नका. रेशीम मऊ असतं आणि अंगाला लावलं की पटकन ऊब धरतं. मुठीत चुरगळून सोडलं तर हलक्या सुरकुत्या राहतात. पॉलिस्टर जास्त गुळगुळीत लागतं आणि सुरकुती चटकन निघून जाते. पण आताचं पॉलिस्टर इतकं चांगलं निघतं की आमची आई फसली, मीही फसले असते. साडी अंगठीतून ओवून दाखवतात, त्याचाही उपयोग नाही. पातळ नायलॉनही अंगठीतून जातं आणि जड काठाची खरी पैठणी अडकू शकते.

चकाकी बघा. पैठणीत बऱ्याचदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून साडी हलवली की रंग बदलल्यासारखा दिसतो. रेशमाची चकाकी वळणावर कमी-जास्त होते. पॉलिस्टरची चमक बहुतेक सगळीकडून सारखी पांढरट दिसते. ही खूण मदतीची आहे, खात्रीची नाही.

खात्रीची घरगुती परीक्षा एकच. धागा जाळून बघणे. पदराच्या किंवा ब्लाऊजपीसच्या टोकाला सुटे धागे असतात. दुकानदाराला विचारूनच दोन-तीन काढा. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. टोकाला गोंड्यासारखे जे लोंबतात ते सगळे *उभे* धागे असतात. काही साड्यांत उभा धागा रेशमाचा आणि आडवा पॉलिस्टरचा असतो. म्हणून त्याच कापलेल्या टोकावरून *आडवा* धागाही एक ओढून घ्या. दोन्ही वेगवेगळे जाळा.

जाळल्यावर काय दिसतं ते असं :

• *रेशीम :* केस जळल्यासारखा वास. हळू जळतं, ज्योत काढली की बहुधा आपोआप विझतं. मागे काळी गोळी राहते, ती बोटाने चिरडली की भुकटी होते.

• *पॉलिस्टर, नायलॉन :* आक्रसतं, वितळतं, प्लास्टिकसारखा वास येतो. मागे टणक मणी राहतो, तो चिरडत नाही.

• *रेयॉन, सुती :* भरभर जळतं, कागद जळल्याचा वास येतो, मऊ राखाडी राख उरते.

हे करताना धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलचं ताट ठेवा, साड्यांच्या गठ्ठ्यापासून आणि लेकरांपासून लांब करा. वितळलेला थेंब हातावर पडला तर चांगलाच भाजतो. गोळी पूर्ण गार झाल्यावरच बोट लावा.

दुकानदार नाही म्हणाला तर? तो त्याचा हक्क आहे, दुकानात जाळपोळ कोणालाच आवडत नाही. पण दोन धागे काढून घरी न्यायलाही जो नकार देतो, त्याच्याकडून दहा हजारांची साडी घ्यायची का, हे तुम्हीच ठरवा.

आणि एक महत्त्वाचं. नवरी होमाजवळ बसते. पॉलिस्टर पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. साडी पॉलिस्टरची असली तर काही बिघडत नाही, पण होमाच्या वेळी पदर खोचून घ्यायचा आणि एका करवलीने शेजारी लक्ष ठेवायचं, हे आधीच ठरवा.

जर पारखताना

आपल्या आज्या सांगतात, पूर्वी जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे दारावर यायचे. ते साडी बघत नव्हते, जर बघत होते, कारण त्यात चांदी असायची. आज बाजारातल्या बहुतेक साड्यांच्या जरीत चांदी नसते, आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही. फक्त भाव त्याप्रमाणे हवा.

पदराच्या टोकाचा जरीचा एक धागा घेऊन नखाने उलगडा. वरची चमकदार पट्टी सुटते आणि आत साधा धागा दिसतो. ती पट्टी रॅपरसारखी ताणली जात असेल आणि ज्योतीवर वितळून गोळा होत असेल, तर जर प्लास्टिकची. आतला धागा जळून गेला आणि तारेचा सांगाडा तसाच राहिला, तर धातूची. धातूमध्ये तांबं की चांदी हे घरी नक्की सांगता येत नाही. त्यामुळे दुकानदार 'खरी चांदीची जर' म्हणून वेगळे पैसे लावत असेल तर ते बिलावर लिहून मागा.

काठ गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. टोचत असेल तर नवरीला दिवसभर टोचणार आहे. तांब्याच्या जरीला घाम आणि अत्तर लागलं की ती काळी पडते, म्हणून अत्तर, स्प्रे थेट साडीवर मारू नका.

माग पारखताना : साडी उलटी करा

पैठणी सुलट बाजूने सगळ्याच सुंदर दिसतात. खरी गोष्ट उलट्या बाजूला असते. पदर उलटा करून मोर, मुनिया, कमळ, जे काही असेल ते नीट बघा.

हातमागाच्या पारंपरिक पैठणीत प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. विणकर मोराच्या कडेपर्यंत तो रंग विणतो आणि तिथूनच धागा वळवून घेतो. म्हणून मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. मागे लोंबते धागे नसतात. कुठे बारीक गाठ, कुठे एखादी चोच दुसरीपेक्षा किंचित वेगळी, हे दोष नाहीत. माणसाच्या हाताच्या खुणा आहेत.

यंत्रावरच्या साडीत रंगाचा धागा मागच्या बाजूने एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत तसाच धावतो. मागे लांब लांब धागे दिसतात, किंवा ते कापलेले असतात आणि हाताला खरखरीत लागतात. कधी ते लपवायला मागून जाळी किंवा अस्तर लावतात. बांगड्या, जोडवी अडकून हेच धागे पुढे ओढले जातात.

पण घाईने निकाल देऊ नका. पदर हाताने विणलेला आणि काठ किंवा अंगावरची बुट्टी जकार्डवर काढलेली, अशाही हातमागाच्या साड्या असतात. त्यामुळे मागे धागे दिसले की "खोटी आहे" असं भांडू नका. "पदर कशावर विणलाय, काठ कशावर?" असं शांतपणे विचारा.

पैठणीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेलं आहे. नाशिक जिल्ह्यात येवला आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण इथे आजही माग चालतात, जाऊन बघता येतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी बस्त्याआधी एकदा माग बघून यावं. एक इंच पदर विणायला किती वेळ लागतो हे डोळ्यांनी पाहिलं की किमतीचा अंदाज आपोआप येतो. मात्र येवल्यात घेतली म्हणजे हातमागाचीच, असं धरून चालू नका. यंत्रावरची सेमी पैठणी तिथेही विकली जाते.

किमतीचा साधा हिशेब मनात ठेवा. रेशमाचा धागाच किलोला काही हजार रुपये भावाने जातो. साडीत अर्धा किलो रेशीम धरलं, वर जर, रंगाई, आणि विणकराची कित्येक आठवड्यांची मजुरी. असं असताना तीन-चार हजारांत 'प्युअर सिल्क हातमाग पैठणी' कोण आणि कशी देईल? स्वस्त मिळाली म्हणून आनंद होण्याआधी हा प्रश्न विचारा. उलट बाजूही खरी आहे. महाग आहे म्हणून अस्सल असं नाही. आमची १२,००० ची होती.

लेबल वाचा

*सिल्क मार्क :* केंद्र सरकारच्या केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली ही खूण सुरू केली. कापड नैसर्गिक रेशमाचं आहे याची ती खात्री देते. लेबलवर होलोग्राम आणि प्रत्येक साडीचा वेगळा क्रमांक असतो, नव्या लेबलवर क्यूआर कोडही असतो. गटातल्या मुलीला सांगा, मोबाईलवर स्कॅन करून बघ. पण सिल्क मार्क जरीबद्दल काही सांगत नाही आणि साडी हातमागाची आहे असंही सांगत नाही.

*हँडलूम मार्क :* ही २००६ साली सुरू झालेली, कापड हातमागावर विणलेलं असल्याची खूण आहे. ती रेशमाची खात्री देत नाही. सुती साडीवरही असू शकते.

म्हणजे 'रेशमी' आणि 'हातमागाची' दोन्ही म्हणून विकत असतील तर दोन्ही खुणा मागा. लेबल *त्याच साडीला* बांधलेलं आहे ना, हे बघा. काउंटरच्या काचेवर चिकटवलेलं लेबल आपल्या साडीचं नसतं.

नावापलीकडच्या पाच गोष्टी

अस्सल असूनही साडी खराब असू शकते, आणि पॉलिस्टर असूनही चांगली टिकू शकते. म्हणून साडी कुठलीही असो, एवढं बघाच.

१. *उजेडात न्या.* दुकानातले दिवे रंग बदलून दाखवतात. दारापाशी दिवसाच्या उजेडात रंग बघा आणि कापड उजेडासमोर धरून विरळ जागा शोधा.

२. *पूर्ण उघडा.* घडीवर साडी घेऊ नका. या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडून डाग, तुटलेला धागा, घडीवरची चीर बघा. जुना पडून राहिलेला माल घडीवरच फाटतो.

३. *मोजा.* सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, ब्लाऊजपीस धरून सव्वासहाच्या आसपास भरते. ब्लाऊजपीस साडीतच मोजलाय की वेगळा, ते विचारा. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर हवी.

४. *रंग घासून बघा.* पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि आतल्या कोपऱ्यावर दहा वेळा घासा. लाल, हिरवा, जांभळा रंग रुमालावर आला तर घामानेही जाणार, आणि लग्न उन्हाळ्यात आहे.

५. *धागा सरकतो का?* ब्लाऊजपीस दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून बाहेरच्या बाजूला दाबा. धागे सरकून खिडकी पडत असेल तर ब्लाऊज काखेत फाटणार. अशा कापडाला शिवताना आतून अस्तर लावायला सांगा.

घागरा घेणार असाल तर

आता बऱ्याच मुली रिसेप्शनला घागरा मागतात. त्याची परीक्षा थोडक्यात. खडे शिवलेत की गोंदाने चिकटवलेत? नखाने हलकेच ढकलून बघा. अस्तर सुती आहे का, की घामाने चिकटणारं? शिवणीत माया किती सोडली आहे? माया असेल तर पुढे सैल करता येतो, घाकट्या बहिणीलाही होतो. चेन दहा वेळा वर-खाली करा. आणि मुलीला तो घालून जमिनीवर मांडी घालून बसायला सांगा. आरशासमोर उभं राहून सगळंच छान दिसतं, पण पाटावर तासभर बसायचं असतं.

एका दिवसासाठी भाड्याने घेणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त घेताना मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि डिपॉझिट किती, कशासाठी कापणार, हे लिहून घ्या.

बिल : साडीएवढंच महत्त्वाचं

आमच्या घरची खरी चूक साडी निवडण्यात नव्हती, बिलात होती. 'साडी १ नग' या तीन शब्दांवर काहीच सिद्ध करता येत नाही. तेव्हा आपल्याच तीन प्रश्नांची उत्तरं बिलावर लिहून घ्या. उदाहरणार्थ : 'पैठणी साडी, १०० टक्के रेशीम, टेस्टेड जर, हातमाग.' सेमी घेत असाल तर 'पॉलिस्टर, यंत्रमाग' असं लिहू द्या. जो खरं बोलतोय त्याला लिहायला जड जात नाही. लिहायची वेळ आली की बऱ्याच 'प्युअर' साड्या जागच्या जागी 'मिक्स' होतात, आणि भावही खाली येतो. हे मी स्वतः पाहिलं आहे.

"बिल नको असेल तर कमी करून देतो," असं म्हणतील. ती सूट घेऊ नका. वाचलेले पाचशे रुपये म्हणजे तुमचा पुरावा विकल्याचे पैसे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूने आहे. या कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर जी मुदत असेल त्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यावा लागतो. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी दुकानात असली तरी. पण 'सासूबाईंना रंग आवडला नाही' हा दोष धरला जात नाही, हेही लक्षात घ्या. म्हणून घरी आल्यावर साडी लग्नाच्या दिवसापर्यंत बांधून ठेवू नका. त्याच आठवड्यात, फॉल-पिको करण्याआधी, पुन्हा नीट तपासा.

तक्रार करायची झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक *१९१५* आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. बिल, लेबल आणि साडी, तिन्ही जपून ठेवा.

बस्त्याच्या दिवशी

वीस माणसांच्या घोळक्यात धागा ओढून बघायला आपल्याला संकोच वाटतो. व्याह्यांसमोर "खरी आहे का?" विचारणं बरं दिसत नाही असं वाटतं. पुरुष मंडळी पैशाच्या काउंटरला, आपण गादीवर. दुकानदारालाही हे माहीत असतं.

यावर एक साधा उपाय आमच्या भागातल्या एका गटाने केला, तो मला फार आवडला. बस्त्याच्या चार दिवस आधी दोघी जणी पैसे न घेता नुसत्या बघायला गेल्या. दोन-तीन दुकानं फिरल्या, धागे मागून आणले, घरी जाळून बघितले, भाव लिहून आणला. बस्त्याच्या दिवशी गर्दी गेली तेव्हा नवरीच्या साडीचा निर्णय जवळजवळ झालेला होता. आणि त्या दिवशी एका मावशीकडे एकच काम दिलं होतं : बिल वाचून घेणे. साड्यांकडे तिने बघायचंच नाही.

गटातून लग्नासाठी कर्ज मंजूर करतानाही अध्यक्ष, सचिव ताईंनी एवढं विचारावं, "साडीला किती धरलेत? बिल पक्कं घेणार ना?" अडवण्यासाठी नाही. हप्ता त्या ताईला दहा महिने भरायचा आहे म्हणून.

कापून सोबत ठेवा

• धागा, जर, माग : तिन्ही विचारले का?
• उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासले का?
• पदर उलटा करून बघितला का?
• सिल्क मार्क, हँडलूम मार्क याच साडीचे आहेत का?
• उजेडात पूर्ण उघडून मोजली का?
• ओल्या रुमालाने रंग घासला का?
• बिलावर तिन्ही गोष्टी लिहिल्या का?
• घरी आल्यावर त्याच आठवड्यात पुन्हा तपासली का?

आईने ही गोष्ट दोन महिने कुणाला सांगितली नव्हती. फसलो हे सांगायची लाज वाटते. शेवटचा हप्ता भरला त्या बैठकीत ती बोलली, आणि लगेच आणखी तिघींनी आपापल्या साड्यांचं सांगितलं. एकीची तर वीस हजारांची होती. आधी कुणी एक जरी बोललं असतं तर बाकीच्या वाचल्या असत्या, असं आई म्हणते.

ताईने त्या पैठणीच्या पदराचा जळालेला तुकडा कापून मला दिला आहे. तो आणि खऱ्या रेशमाचे, सुताचे, पॉलिस्टरचे धागे आता माझ्या पिशवीत असतात. ज्या गटाला बघायचं असेल त्यांनी आपल्या सीआरपी ताईंना सांगा. बैठकीत अर्धा तास द्या, स्टीलचं ताट आणि काडीपेटी तुमची. तुमच्या घरी अशी एखादी साडी असेल तर तीही आणा. लाजू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक